मूत्रमार्गाचा कॅन्सर आणि सीटी स्कॅन : पहिल्यांदाच जाणाऱ्यांनी काय बघावं, काय विचारावं

आधी एक गोंधळ मिटवू. आपण सर्रास ‘लघवीची नळी’ म्हणतो, पण त्या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. मूत्रपिंडातली लघवी मूत्राशयात, म्हणजे पिशवीत, आणून सोडणाऱ्या दोन बारीक नळ्या. पिशवीतली लघवी शरीराबाहेर नेणारा मार्ग. आणि दवाखान्यात घालतात ते कॅथेटर. मी कित्येक वर्षं सीटी स्कॅनच्या खोलीत काम करतो. ‘लघवीच्या नळीचा कॅन्सर आहे’ एवढंच सांगणाऱ्या नातेवाइकांना माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : पिशवीच्या वरची नळी की खालची?

वरची ती मूत्रवाहिनी, डॉक्टरांच्या भाषेत युरेटर. खालचा तो मूत्रमार्ग, म्हणजे युरेथ्रा. दोन्हींचा आजार वेगळा, तपासण्यांचा क्रम वेगळा आणि स्कॅन कुठून कुठपर्यंत घ्यायचा तेही वेगळं. तुमच्या चिठ्ठीवर यातलं काय लिहिलंय ते एकदा अक्षर लावून वाचा, नाही लागलं तर डॉक्टरांनाच विचारा. पुढचं सगळं खालच्या मार्गाबद्दल आहे.

हा आजार दुर्मीळ आहे. मूत्र आणि जनन संस्थेच्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी. म्हणून स्कॅन करणाऱ्यांच्या हातूनही अशा पेशंटचे स्कॅन रोज होत नाहीत. तुम्ही थोडे सावध असाल तर त्याचा खरंच उपयोग होतो.

सीटीला नेमकं काय विचारायचंय, ते आधी समजून घ्या

बहुतेक जण ‘कॅन्सर आहे की नाही ते सीटीत कळेल’ या अपेक्षेने येतात. ते तसं नाही. मूत्रमार्गात कॅन्सर आहे की नाही हे ठरतं दुर्बिणीच्या तपासणीत, म्हणजे सिस्टोस्कोपीत, आणि तिथून घेतलेल्या तुकड्याच्या बायोप्सीत. सीटी सांगतो तो आजार कुठवर पसरलाय ते. जांघेतल्या गाठींत, म्हणजे लसिकाग्रंथींत, गेलाय का, ओटीपोटातल्या गाठींत गेलाय का, फुप्फुसात किंवा यकृतात ठिपके आहेत का. या प्रश्नांसाठी सीटी उत्तम आहे. पहिल्या प्रश्नासाठी तो कमी पडतो, आणि त्यामागे कारण आहे.

सीटीच्या चित्रातली प्रत्येक करडी छटा म्हणजे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, चरबी उणे १००च्या आसपास, हाड कित्येक शेकडा. या आकड्यांना हाउन्सफील्ड एकक म्हणतात. ज्यांनी हे यंत्र बनवलं आणि १९७१ मध्ये ज्यांच्या यंत्रावर पहिल्या पेशंटच्या डोक्याचा स्कॅन झाला, त्या गॉडफ्री हाउन्सफील्ड यांचं ते नाव. १९७९ चं नोबेल त्यांना ॲलन कॉरमॅक यांच्याबरोबर मिळालं. आता अडचण अशी, की स्नायू, मूत्रमार्गाची भिंत आणि त्यातली गाठ या सगळ्यांचे आकडे एकमेकांना खेटून असतात. त्यात मूत्रमार्ग एरवी मिटलेला असतो, लघवी करतानाच उघडतो. मिटलेल्या मार्गाच्या अस्तरावर काही मिलिमीटरची गाठ असेल तर सीटीत ती आजूबाजूच्या करड्या रंगात विरून जाते.

याचा व्यवहारात अर्थ एकच, आणि तो मी प्रत्येकाला आवर्जून सांगतो. लघवीतून किंवा लघवीच्या जागेतून रक्त येतंय, धार बारीक झालीय, जांघेत किंवा लघवीच्या जागेजवळ गाठ हाताला लागतेय आणि सीटी मात्र ‘नॉर्मल’ आलाय, तर तपास तिथे थांबवू नका. युरॉलॉजिस्टकडे जा आणि दुर्बिणीची तपासणी करून घ्या. स्वच्छ सीटी हातात आहे म्हणून दुर्बीण टाळणं, यात सगळ्यात जास्त वेळ वाया गेलेला मी पाहिलाय.

गाठ जागच्या जागी किती खोल गेलीय, भोवतीच्या स्नायूत, शिस्नाच्या आतल्या स्पंजासारख्या भागात, प्रोस्टेटमध्ये की योनीच्या भिंतीत, हे बघायला एमआरआय जास्त चांगला. म्हणून दोन्ही तपासण्या लिहून दिल्या तर ‘एकच काम दोनदा’ असं समजू नका. एमआरआय जवळचं बघतो, सीटी लांबचं.

चिठ्ठी वाचा : स्कॅन कुठपर्यंत?

या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा.

पोटाचा आणि ओटीपोटाचा नेहमीचा सीटी छातीच्या पडद्यापासून सुरू होतो आणि खाली जघनाच्या हाडाशी, म्हणजे ओटीपोटाच्या तळाशी समोर हाताला लागणाऱ्या हाडाशी, संपतो. मूत्राशय, प्रोस्टेट, गर्भाशय सगळं त्यात येतं. पण पुरुषाचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटिमीटर लांब असतो आणि त्याचा बराच भाग त्या हाडाच्या खाली आणि पुढे असतो. स्त्रीचा मार्ग जेमतेम ४ सेंटिमीटरचा, तरी त्याचं तोंड आणि जांघेतल्या गाठींचा खालचा भाग नेहमीच्या स्कॅनच्या कडेलाच पडतो. म्हणजे ज्या अवयवासाठी स्कॅन करायचा तोच अर्धा चित्राबाहेर.

हे माझ्या डोळ्यांदेखत झालंय. चिठ्ठीवर फक्त ‘ॲब्डोमेन, पेल्व्हिस’ लिहिलेलं, आजाराचं नाव कुठेच नाही. आम्ही नेहमीसारखा स्कॅन घेतला. संध्याकाळी रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर शेवटचा काप उघडला, तर जघनाचं हाड संपत होतं आणि चित्रही संपत होतं. पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलवावं लागलं, पुन्हा सुई, पुन्हा कॉन्ट्रास्ट (चित्र उजळण्यासाठी शिरेतून देतात ते औषध), पुन्हा किरण. चूक कोणा एकाची म्हणता येणार नाही, पण चिठ्ठीवर एक ओळ जास्त असती तर ते सगळं टळलं असतं.

म्हणून चिठ्ठीवर आजाराचं नाव स्पष्ट असू द्या : ‘मूत्रमार्गाचा कॅन्सर’, बायोप्सी झाली असेल तर तिचा निकाल, आणि स्कॅन मूत्रमार्गाचं टोक व दोन्ही जांघा धरून मांडीच्या वरच्या भागापर्यंत घ्यावा अशी सूचना. बायोप्सीत कॅन्सर पक्का झाला असेल तर सहसा छातीचाही सीटी लागतो, तो त्याच बैठकीत होतो. डॉक्टर लिहायचे राहिले असतील तर टेबलावर झोपण्याआधी टेक्निशियनला तोंडी सांगा. आम्हाला त्याचा राग येत नाही.

तारीख ठरवताना

दुर्बिणीची तपासणी किंवा बायोप्सी नुकतीच झाली असेल तर त्या जागी सूज असते, थोडं रक्त साकळलेलं असतं. चित्रात ती सूज आजारासारखी दिसू शकते. मग स्कॅन आधी की बायोप्सी आधी, आणि मध्ये किती दिवस ठेवायचे, हे डॉक्टर ठरवतील. तुमचं काम एवढंच, की स्कॅनच्या दिवशी बायोप्सीची तारीख सांगायची. तेच कॅथेटरचं. नळी कधी घातली, कधी बदलली, मध्ये जंतुसंसर्ग झाला होता का, हे रेडिओलॉजिस्टला माहीत असलं की जांघेतल्या सुजलेल्या गाठींकडे बघण्याची त्यांची नजर बदलते.

खुब्याच्या सांध्याचं ऑपरेशन होऊन धातूचा सांधा बसवला असेल तर तेही आधी सांगा. धातूमुळे चित्रात चांदणीसारखे पांढरे-काळे पट्टे उठतात, आणि ते नेमके मूत्रमार्गाच्या उंचीवरच येतात. हे कमी करण्याची सोय अनेक यंत्रांत असते, फक्त ती वापरायची आहे हे आधी कळायला हवं.

कॉन्ट्रास्टच्या आधी सांगायच्या गोष्टी

शिरेतून आयोडीनयुक्त औषध दिल्याशिवाय या आजारात सीटीला फारसा अर्थ नाही. गाठीला रक्तपुरवठा असतो, औषध रक्तातून तिथे पोचतं आणि ती भोवतालापेक्षा उजळते. हे औषध मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघतात आणि त्यावरून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडं किती काम करतात ते सांगणारा आकडा, काढतात. ३० च्या खाली ईजीएफआर असेल तर डॉक्टर थबकतात, फायदा-तोटा तोलतात, कधी दुसरी तपासणी सुचवतात. आपल्या पेशंटना हे जास्त लागू पडतं, कारण मार्गात अडथळा असेल तर लघवी तुंबून मूत्रपिंडांवर आधीच ताण आलेला असू शकतो. क्रिएटिनिनचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या.

मधुमेहाची मेटफॉर्मिन गोळी चालू असेल तर सांगा. मूत्रपिंडं बरी असतील तर ती थांबवावी लागतेच असं नाही, बरी नसतील तर स्कॅननंतर ४८ तास थांबवून क्रिएटिनिन पुन्हा तपासतात. स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नका.

ॲलर्जीच्या बाबतीत एक समज घट्ट बसलाय, मासे चालत नाहीत म्हणजे कॉन्ट्रास्टही चालणार नाही. माशांच्या ॲलर्जीचा आयोडीनशी असा खास संबंध नाही. खरा धोक्याचा इशारा म्हणजे याच औषधाची पूर्वी कधी रिॲक्शन आलेली असणं : अंगावर गांधी उठल्या, दम लागला, घसा सुजला. तसं झालं असेल तर नेमकं काय झालं ते सांगा. औषध बदलून किंवा आधी गोळ्या देऊन स्कॅन करता येतो, क्वचित टाळावाही लागतो. दमा, थायरॉइड वाढलेला असणं, गरोदरपण किंवा त्याची नुसती शंका, हेही न विसरता सांगा.

स्कॅनचा दिवस

काही तास उपाशी या असं बहुतेक ठिकाणी सांगतात, पाणी चालतं की नाही ते तिथलं तिथे विचारा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या सहसा घोटभर पाण्याबरोबर घ्यायच्याच असतात. जुने स्कॅन, बायोप्सीचा कागद, दुर्बिणीच्या तपासणीचा रिपोर्ट, सगळं एका पिशवीत घ्या. मूत्राशय भरलेलं ठेवायचं की रिकामं, हेही विचारून घ्या, कारण ते स्कॅनच्या प्रकारावर ठरतं. कॅथेटर असेल तर काही वेळा त्याला चिमटा लावून मूत्राशय भरू देतात. तो चिमटा नंतर काढलाय ना, हे निघण्याआधी स्वतः बघा.

आत गेल्यावर दंडात किंवा कोपराच्या खोबणीत सुई लावतात. सुई जरा जाडसर असते, कारण औषध यंत्राने वेगात जातं. तुम्ही टेबलावर उताणे, हात डोक्याच्या वर. यंत्र बोगद्यासारखं लांब नसतं, मोठ्या कड्यासारखं असतं, त्यामुळे कोंडल्यासारखं सहसा होत नाही. ‘श्वास घ्या, धरून ठेवा’ असा आवाज येतो. प्रत्यक्ष स्कॅन काही सेकंदांचाच असतो.

औषध जाताना घशापासून सगळ्या अंगात गरम लाट पसरते, तोंडाला धातूची चव येते आणि ओटीपोटात अशी ऊब जाणवते की लघवी झाली असंच वाटतं. हे इथे मुद्दाम लिहितोय. ज्यांना आधीच लघवीवर ताबा राहत नाही, त्यांना ते खरंच झालं असं वाटून फार ओशाळं होतं. एक आजोबा स्कॅन संपल्यावर उठेचनात. पांघरूण घट्ट धरून माझ्याकडे बघत हळूच म्हणाले, ‘पोरा, चादर खराब झाली रे माझ्याकडून.’ मी पांघरूण बाजूला करून दाखवलं, चादर कोरडी होती. ‘आजोबा, ते औषधाचं आहे, सगळ्यांनाच वाटतं.’ तेव्हा कुठे त्यांनी पाय खाली टाकले. हे आधी माहीत असलं की माणूस टेबलावर हलत नाही, आणि चित्र हललेलं येत नाही.

सुईच्या जागी मात्र आग झाली, ताण आला, हात फुगतोय असं वाटलं तर गप्प बसू नका, लगेच ओरडून सांगा. औषध शिरेबाहेर जातंय याची ती खूण असू शकते. खाज, दम, चक्कर यांचंही तेच.

बऱ्याचदा औषधानंतर मिनिटभराने एक स्कॅन घेतात आणि मग पाच-दहा मिनिटं थांबून आणखी एक. ते थांबणं कशासाठी, तर तोवर औषध मूत्रपिंडातून लघवीत उतरतं आणि मूत्रपिंडाचा आतला भाग, दोन्ही मूत्रवाहिन्या, पिशवी हे सगळं पांढरंशुभ्र दिसतं. याला सीटी युरोग्राफी म्हणतात. मूत्रमार्गातला कॅन्सर जर त्याच जातीचा असेल जो पिशवीच्या अस्तरात होतो, म्हणजे युरोथेलियल, तर तो वरच्या मार्गातही कुठे आहे का, हे बघणं गरजेचं असतं. मग ‘खालच्या आजाराला वरचा स्कॅन कशाला’ हा प्रश्न पडणार नाही.

लाजेचा प्रश्न येतोच. अंगावर चादर असते, कपडे पूर्ण काढावे लागत नाहीत. तरी बायकांनी बरोबर महिला कर्मचारी हवी असेल तर सरळ मागावी.

नंतर भरपूर पाणी प्या, डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलं नसेल तर. मूत्रपिंडं ठीक असतील तर औषध साधारण एका दिवसात बाहेर पडतं. घरी लहान बाळ आहे, सून गरोदर आहे, जवळ जाऊ का, असं फार जण विचारतात. बेलाशक जा. सीटीचे किरण यंत्र थांबलं की संपतात, अंगात काही साठत नाही. पोट-ओटीपोटाच्या एका स्कॅनमध्ये साधारण ८ ते १० मिलिसिव्हर्ट किरण लागतात. निसर्गातून आपल्याला दर वर्षी सरासरी २.४ मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे हे प्रमाण नगण्य नाही, पण कॅन्सर कुठवर गेलाय हे कळण्याच्या मोबदल्यात ते घेण्यासारखं आहे. उगाच पुन्हा पुन्हा मात्र घेऊ नये.

रिपोर्ट हातात आल्यावर

शेवटचा ‘इम्प्रेशन’, म्हणजे निष्कर्ष, हा भाग सगळे आधी वाचतात आणि तिथेच घाबरतात. थोडं वर जा आणि गाठींबद्दल काय लिहिलंय ते शोधा. इथे गाठी म्हणजे लसिकाग्रंथी, ज्या प्रत्येकाच्या अंगात असतातच. मूत्रमार्गाच्या पुढच्या भागाचा निचरा जांघेतल्या ग्रंथींकडे होतो आणि मागच्या, आतल्या भागाचा ओटीपोटातल्या ग्रंथींकडे. म्हणून कॅन्सरची मूळ गाठ कुठल्या भागात आहे त्यावर रेडिओलॉजिस्ट कुठे जास्त बारकाईने बघणार ते ठरतं.

‘शॉर्ट ॲक्सिस’ म्हणजे ग्रंथीची रुंदी, लांबी नव्हे. ओटीपोटातल्या ग्रंथीची ही रुंदी साधारण ८ ते १० मिलिमीटरच्या पुढे गेली की संशय घेतात. जांघेतल्या ग्रंथी एरवीही थोड्या मोठ्या असतात. तिथे नुसत्या आकाराबरोबर आकृतीही बघतात : गोलमटोल झालीय का, आतली चरबी नाहीशी झालीय का, मधोमध काळी पोकळी दिसतेय का. आकाराचा हा नियम दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. लहान ग्रंथीतही कॅन्सरच्या मूठभर पेशी लपलेल्या असू शकतात, आणि मोठी ग्रंथी नुसत्या जंतुसंसर्गानेही फुगते. तरी या आजारात एक गोष्ट वेगळी आहे. शिस्नाच्या कातडीच्या कॅन्सरमध्ये जांघेत हाताला लागणाऱ्या गाठी पुष्कळदा नुसत्या सुजेच्या निघतात, मूत्रमार्गाच्या कॅन्सरमध्ये मात्र त्यांच्यात बहुधा आजारच असतो. म्हणून जांघेत गाठ लागत असेल तर ‘औषध घेऊन बघू, बसेल’ यावर समाधान मानू नका, सुईने तपासणी करायची का ते विचारा. सोनोग्राफीच्या नजरेखाली बारीक सुईने ती होते आणि बऱ्याचदा उत्तर मिळतं.

‘फॅट प्लेन्स मेन्टेन्ड’ म्हणजे अवयवांमधला चरबीचा पडदा शाबूत, ही चांगली बातमी. ‘लॉस्ट’ म्हणजे तो दिसत नाही, गाठ शेजाऱ्याला चिकटली असावी अशी शंका, खात्री नव्हे. ‘इनडिटरमिनेट’ म्हणजे सांगता येत नाही. फुप्फुसातल्या काही मिलिमीटरच्या ठिपक्यापुढे हा शब्द फार वेळा येतो. असे ठिपके जुन्या संसर्गाचे व्रण म्हणूनही सापडतात, काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन करून ते वाढले का ते बघतात. टी, एन, एम ही अक्षरं दिसली तर टी म्हणजे मूळ गाठ किती खोल, एन म्हणजे ग्रंथी, एम म्हणजे दूरवर पसरणं. सीटीवर एन आणि एम वाचता येतात, टी साठी एमआरआय आणि बायोप्सीकडेच बघावं लागतं.

स्त्रियांच्या रिपोर्टमध्ये कधी ‘डायव्हर्टिक्युलम’ हा शब्द येतो. मूत्रमार्गाच्या भिंतीला बाहेर फुगून झालेला लहान कप्पा, एवढाच त्याचा अर्थ, आणि बहुतेक वेळा तो साधाच असतो. पण त्याच्या आत घट्ट, औषधाने उजळणारा भाग दिसतोय असं लिहिलं असेल तर युरॉलॉजिस्टना लवकर दाखवा, कारण क्वचित कॅन्सर अशा कप्प्यातच सुरू होतो.

शेजारच्याने पेट सीटी सुचवला तर एवढं माहीत असू द्या : त्यातलं चमकणारं साखरेचं औषध लघवीतूनच बाहेर पडतं. मग पिशवी आणि मूत्रमार्ग दोन्ही आपोआप झगमगतात आणि मूळ गाठ त्या उजेडात झाकली जाते. दूरच्या गाठींसाठी तो कधी उपयोगी पडतो, ते ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील.

डॉक्टरांना भेटताना मी तीन प्रश्न लिहून न्यायला सांगतो. जांघा आणि मूत्रमार्गाचं टोक स्कॅनमध्ये पूर्ण आलंय का? शंकेची ग्रंथी आहे तिची सुईने तपासणी करायची का? आणि पुढचा स्कॅन कधी, कशाशी ताडून बघायचा?

तिसऱ्या प्रश्नासाठी फिल्मवर विसंबू नका. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सगळे काप नाहीत. स्कॅनची पूर्ण प्रत सीडीवर किंवा पेनड्राइव्हवर मागून घ्या, घरी एकदा उघडते का बघा, आणि तिच्यावर तारीख घालून बायोप्सीच्या कागदांबरोबर ठेवा. उपचारानंतर नवीन स्कॅनला जाताना ही प्रत आधी काउंटरवर द्या, म्हणजे रेडिओलॉजिस्ट नवा रिपोर्ट लिहिताना जुना काप शेजारी उघडून मिलिमीटर मोजू शकतील.